चारशे नव्वदनंतर काय? ख्रिस्ती श्रद्धेतली न संपणारी क्षमा

हे या भागाचं लिखित रूप. मागच्या भागानंतर जुन्नर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती ताईंचा व्हॉइस मेसेज आला. भाऊ दारू सोडतो, शपथ घेतो आणि महिन्याभरात पुन्हा पितो. त्यांनी दोन प्रश्न विचारले. देव दरवेळी क्षमा करतो, तर ही पाप करायला सूट नाही का? आणि आम्हीही दरवेळी माफच करायचं का?

मी काही धर्मगुरू नाही. मंचरचा, बीटेक झालेला सॉफ्टवेअरवाला आहे. वाचून जे समजलं ते सांगतो.

लिमिट किती?

आमच्या कामात प्रत्येक गोष्टीला लिमिट असते. पासवर्ड तीनदा चुकला की अकाउंट लॉक! मत्तयच्या शुभवर्तमानात, 18व्या अध्यायात, पेत्र येशूला तेच विचारतो: भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशूचं उत्तर असं की सातवर थांबू नकोस, सत्तर गुणिले सात. म्हणजे 490. मग 491व्या वेळी लॉक? नाही. मुद्दा मोजणं सोडण्याचा आहे.

काही भाषांतरांत हाच आकडा 77 असा येतो, आणि त्यात एक गंमत आहे. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेख नावाचा माणूस सत्याहत्तर पट सूड घेण्याची फुशारकी मारतो. येशू जणू सुडाचा तोच आकडा क्षमेकडे वळवतो.

कर्जाचा हिशेब

पुढे येशू एक दाखला सांगतो. एका राजाने नोकराचं दहा हजार टॅलेंट कर्ज माफ केलं. टॅलेंट हे वजनाचं मोठं माप. एक टॅलेंट चांदी म्हणजे साधारण 6,000 दीनार, आणि एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. गुणाकार करा: 6 कोटी दिवसांची मजुरी! हाच नोकर बाहेर पडतो आणि 100 दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो.

आता 100 दीनारही किरकोळ नाहीत बरं का. नारायणगावकडे टोमॅटोच्या तोडणीला जाणाऱ्या बाईला विचारा, शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर काय होतं. तुमचं दुखणं छोटं आहे, असं हा दाखला म्हणत नाही. देवाने सोडलेलं कर्ज त्याहून कितीतरी मोठं आहे, एवढंच तो सांगतो.

मग ही सूट झाली का?

हा प्रश्न पौलाने रोमकरांच्या पत्रात, सहाव्या अध्यायात, स्वतःच काढलाय, आणि त्याचं उत्तर ठाम 'नाही' असं आहे. पश्चात्तापासाठी हिब्रूत जो शब्द येतो, 'शूव', त्याचा अर्थ मागे फिरणं. नाशिकला निघालात आणि आळेफाट्याला चुकून कल्याणच्या रस्त्याला लागलात, तर नुसतं वाईट वाटून उपयोग नाही. गाडी वळवावी लागते. दया म्हणजे वळायची जागा कधीच बंद होत नाही, शंभराव्यांदा चुकलात तरी.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला लूकच्या 17व्या अध्यायात धागा सापडतो. तिथे आधी भावाला त्याची चूक दाखवायला सांगितलंय, आणि तो फिरला की क्षमा करायला. 19व्या अध्यायातला जक्कय जकातदार लुबाडलेलं चौपट परत द्यायला तयार होतो. म्हणजे क्षमा वेगळी आणि विश्वास वेगळा. मनातला राग सोडावा, पण पगाराचं पाकीट लगेच हातात देऊ नये. तो मारहाण करत असेल तर पोलिसांत जाणं हे क्षमेच्या विरुद्ध नाही. व्यसनमुक्तीचे उपचार हाही वळायचाच रस्ता आहे.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण

पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तिथे लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी सिस्टर चालवत असलेलं घर पाहिलं. समाजाने टाकलेल्या बायकांची इतक्या मायेने सेवा का, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका सिस्टरने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. ती रमाबाईंच्या मनात रुतली. पुढे दौंड तालुक्यातल्या केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये, अशाच स्त्रियांसाठी एक घर उभं राहिलं. त्याचं नाव कृपासदन.

तिथे आलेल्या बाईला राहायला जागा मिळाली, खायला मिळालं, हाताला काम मिळालं. दया नुसती बोलायची नसते, ती अशी रोज राबवावी लागते.

तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात.