मावळतीनंतरचे आकाश

सूर्य मावळला, की आकाश निवांत झाले असे आपण समजतो. परंतु सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवर खरी खळबळ त्याच वेळी सुरू होते. सूर्याच्या अतिनील किरणांनी तेथील वायूंतले इलेक्ट्रॉन दिवसभर सुटे केलेले असतात. या विद्युतभारित वायूस प्लाझ्मा, आणि त्या थरास आयनांबर म्हणतात. सूर्यास्तानंतर त्याचा खालचा भाग झपाट्याने विरतो. वरचा दाट थर मात्र टिकतो, किंबहुना आणखी वर उचलला जातो. हलक्या द्रवावर जड द्रव ठेवावा, तशी ही अवस्था. मग खालचा विरळ भाग बुडबुड्यांच्या रूपाने दाट थर भेदून शेकडो किलोमीटर वर चढतो.

हे घडते ते मुख्यतः चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपास, आणि ते भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. अग्निबाणांसाठी थुंबा निवडले गेले ते याच कारणाने. विषुववृत्तावर उचललेला प्लाझ्मा चुंबकीय रेषांवरून दोन्हीकडे घसरतो आणि त्याची दाट रास अहमदाबाद-भोपाळच्या आकाशात साचते. समशीतोष्ण देशांच्या सरासरीने आपले आकाश मोजता येत नाही, ते यामुळेच.

यात सामान्य माणसाचे काय अडले, असे कोणी विचारील. उपग्रहाचा संकेत या थरातून येताना रेंगाळतो. त्यामुळे स्थाननिश्चितीत दहा-पंधरा मीटरांची, कधी त्याहूनही अधिक, चूक पडू शकते. बुडबुडा आडवा आला तर संकेत थरथरतो, प्रसंगी तुटतो. विमानांना मार्ग दाखविणाऱ्या आपल्या ‘गगन’ यंत्रणेपुढील मोठी अडचण हीच होती.

जमिनीवरून सोडलेल्या रेडिओलहरी सर्वांत दाट थरापर्यंतच्या थरांवरून परततात. त्यापलीकडचे त्यांना दिसत नाही. तेथे उपग्रहच हवा. १९९४ साली श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ‘स्रॉस-सी २’ने २००१ पर्यंत प्लाझ्माची घनता व तापमान मोजले. पहाटे इलेक्ट्रॉनांचे तापमान एकाएकी कित्येक पटींनी चढते, हे आपल्या आकाशावर त्याने नोंदविले. कारण सोपे आहे : त्या वेळी इलेक्ट्रॉन थोडे, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला उष्णता अधिक.

या नोंदींचे मोल त्यांच्या सातत्यात होते. सूर्याची मंदी आणि तेजी, दोन्ही त्यांत आल्या. पुढे २०११ च्या ‘यूथसॅट’सारखे प्रयोग झाले, अमेरिका व तैवान यांचे सहा उपग्रह २०१९ मध्ये विषुववृत्तीय पट्ट्यावर गेले, त्यांच्या नोंदीही उपयोगी आहेत. परंतु सूर्याचे चक्र अकरा वर्षांचे. तुटक मोजमापांनी ते हाती लागत नाही. पाऊस मोजणारे केंद्र आपण एखाद्या वर्षी बंद ठेवीत नाही. मग ज्या आकाशाच्या भरवशावर विमाने उतरवावयाची, त्याची नोंदवही तरी अधूनमधून कोरी का राहावी?