ऊलाँग : वेळेवर थांबलेला चहा

मराठीत आपण ‘चहा’ म्हणतो आणि उर्दूत ‘चाय’. या दोन्ही शब्दांचे मूळ चीनमध्ये आहे. त्या देशात बहुतेक ठिकाणी या पेयाला ‘छा’ म्हणतात. फुजियान प्रांताच्या किनाऱ्यावर मात्र त्याला ‘ते’ म्हणतात. डच व्यापाऱ्यांनी हा शब्द युरोपात नेला आणि त्यापासून इंग्रजीतला ‘टी’ झाला. याच फुजियान प्रांतातल्या एका चहाची आज आपण ओळख करून घेऊ. त्याचे नाव ऊलाँग.

हिरवा चहा, काळा चहा आणि ऊलाँग यांची झाडे वेगवेगळी नसतात. तिन्ही एकाच जातीच्या झाडाच्या पानांपासून होतात. फरक पडतो तो पाने खुडल्यानंतर. वांगे किंवा सफरचंद चिरून ठेवले, की थोड्या वेळाने ते तांबूस होते, हे तुम्ही पाहिले असेल. हवेतील प्राणवायूमुळे असे होते. चहाच्या पानातही असाच बदल घडतो. हिरव्या चहाची पाने लगेच तापवतात, त्यामुळे हा बदल होतच नाही. काळ्या चहात तो पूर्ण होऊ देतात. ऊलाँगमध्ये तो मध्येच थांबवतात.

पण नेमके केव्हा थांबवायचे? खरे कौशल्य येथेच आहे. खुडलेली पाने प्रथम उन्हात पसरतात. नंतर ती घरात आणून बांबूच्या पसरट टोपल्यांत हलवतात. पाने एकमेकांवर घासतात. त्यांच्या कडा तांबूस होऊ लागतात. मधला भाग हिरवाच राहतो. पाने हलवायची, ठेवून द्यायची, पुन्हा हलवायची, असे रात्री उशिरापर्यंत चालते. कारागीर जागा राहून पाने वारंवार हुंगतो. गवतासारखा वास जाऊन फुलांसारखा सुगंध येऊ लागला, की तो पाने भरपूर तापवतो. तेथेच बदल थांबतो. मग पाने वळतात आणि वाळवतात. काही प्रकार मंद आचेवर भाजतातही.

पुढे ही कला समुद्रापलीकडे तैवान बेटावर गेली. तेथील तुंग-तिंग डोंगराचा ऊलाँग प्रसिद्ध आहे. त्याची पाने वळून लहान गोळ्यांसारखी केलेली असतात.

हा चहा दूध व साखर न घालता पितात. आपण चहा उकळतो. ऊलाँगची पाने मात्र गरम पाण्यात थोडा वेळच ठेवतात. त्यासाठी लहानशी किटली घेतात आणि ती गरम पाण्याने विसळून तापवतात. 100 मिलिलीटर पाण्याला सुमारे 6 ग्रॅम पाने पुरतात. पाणी सुमारे 95 अंश सेल्सिअस असावे. पहिले पाणी पानांवर ओतून लगेच काढून टाकतात. दुसरे पाणी सुमारे अर्धा मिनिट ठेवून पूर्णपणे पेल्यात ओततात. त्याच पानांवर पुन्हा पाणी घालतात आणि दर वेळी थोडा अधिक वेळ ठेवतात. अशी पाच-सहा पाणी निघतात. पाणी पानांवर विसरून राहिले, तर चहा कडू आणि तुरट होतो.

चव घेतानाही घाई चालत नाही. आधी सुगंध घ्यावा. मग लहान घोट तोंडात फिरवावा. चहा गिळल्यावर घशात हलका गोडवा राहिला, तर तो चांगला समजावा. शेवटी किटलीतली उमललेली पाने पाहावीत. हिरव्या पानाची तांबूस किनार तेथे दिसू शकते.

चहाचे परीक्षक मात्र उलट करतात. ते 3 ग्रॅम पाने 150 मिलिलीटर उकळत्या पाण्यात पाच-सहा मिनिटे मुद्दाम ठेवतात. मग आवाज करून तो चहा ओढतात, म्हणजे हवेबरोबर सुगंध नाकापर्यंत पोहोचतो. पाने इतका वेळ पाण्यात राहिली, की चहातला प्रत्येक दोष उघडा पडतो. दोष झाकायला तेथे दूधही नसते आणि साखरही नसते.

कारागिराने रात्र जागून जे कमावले, ते चहा करणारा काही मिनिटांच्या निष्काळजीपणाने घालवू शकतो. चहा बनवणारा आणि चहा करणारा, दोघांनाही वेळेवर थांबता आले पाहिजे. मराठीत याला संयम म्हणतात. उर्दूतला ‘सब्र’ हा शब्द त्याच्या फार जवळचा आहे.