सुरकुतायला साल लागते

नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून शिंपी अजूनही ‘कापड पाण्यातून काढून आणा’ असं बजावतात. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात पडला की आक्रसतो. वांगं मात्र सुरकुततं. तिन्ही वस्तू लहानच होतात, पण ‘वांगं आटलं’ असं मंडईत कुणी म्हणत नाही.

सुरकुतायला साल लागते. आतला गर पाणी गमावून कमी होतो, साल मात्र जवळपास तेवढीच राहते आणि जास्तीच्या सालीला घड्या पडतात. तासगाव-सांगलीकडच्या बेदाणा शेडमध्ये हे काम मुद्दाम घडवून आणतात. द्राक्षमण्यावरचा मेणचट थर आतलं पाणी धरून ठेवतो. त्यामुळे घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात, मग जाळीच्या रॅकवर सावलीत पसरतात. ताज्या मण्यात 80 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तयार बेदाण्यात 15 टक्क्यांच्या आसपास उरतं. चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर माल होतो. वांग्याची किंमत पाडणारी सुरकुती इथे माल तयार झाल्याची खूण ठरते.

भांडी घासताना बोटं सुरकुततात, तिथे हा शब्द फसेल असं वाटतं, कारण बोटं पाणी पिऊन फुगतात अशी आपली समजूत. पण हाताचा मज्जातंतू तुटलेल्या माणसाची बोटं पाण्यात ठेवूनही गुळगुळीत राहतात, हे डॉक्टरांनी 1930च्या दशकातच टिपलं होतं. मज्जातंतूंच्या इशाऱ्यावर बोटातल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आतला मांसल भाग बसतो आणि वरची कातडी दुमडते. म्हणजे इथेही वांग्याचाच न्याय! मज्जातंतू शाबूत आहेत का, हे पाहायला बोटं सुरकुतण्याचा उपयोग होतो.

आणखी एक बारकावा. कागद आपण चुरगळतो, पण वांगं कुणी ‘सुरकुतत’ नाही. ते आपोआप घडतं. शर्टालाही हल्ली सर्रास सुरकुत्या पडतात. मला तिथे ‘चुण्या’च बरोबर वाटतं. बाजारपेठेला साल नसते, त्यामुळे मंदीत ती आक्रसते, हे वर्तमानपत्रं बरोबर लिहितात.

पुढच्या वेळी कुर्ता ‘श्रिंक झाला’ असं तोंडात आलं, तर ‘आटला’ म्हणून पाहा. शिंप्याला लगेच कळेल.