ओल्या दगडाचा रंग

शिरूर तालुक्यात इनामगावजवळ घोड नदीचं पाणी उन्हाळ्यात आटलं की पात्रातले गोट्यांचे पट्टे उघडे पडतात. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये सहा वर्षांच्या भाचीला घेऊन मी तिथे गेले होते. डबक्याच्या कडेला उकिडवी बसून तिने फ्रॉकच्या ओच्यात खडे गोळा केले. एक मधाच्या रंगाचा, एक सायीसारखा पांढरट, एक विटकरी, आणि एकावर चिरलेल्या कांद्यासारखी वर्तुळं. संध्याकाळी घरी येऊन तिने ते ओट्यावर मांडले, तेव्हा सगळे एकाच मळकट राखाडी रंगाचे झाले होते. तिने एकेक खडा उलटून पाहिला आणि विचारलं, ‘‘मावशी, यांचा रंग कुठे गेला?’’

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. ते शोधता शोधता मी घरच्या घरी दगड पॉलिश करण्याच्या छंदात शिरले. तेव्हापासून आमच्या मागच्या बाल्कनीत एक छोटं पिंप रात्रंदिवस फिरतं आहे.

रंग कुठेच गेलेला नसतो. कोरड्या गोट्याच्या अंगावर असंख्य बारीक चरे आणि खळगे असतात. त्यांवर पडलेला उजेड दगडात शिरण्याआधीच चहूकडे विखुरतो आणि आतल्या रंगावर पांढरट पडदा धरतो. दगड ओला झाला की पाणी हे चरे भरून काढतं, वरचा पापुद्रा सपाट होतो, उजेड आत उतरतो आणि रंग घेऊन परत येतो. पॉलिश म्हणजे हे काम पाण्याशिवाय करणं. दगडाला वरून काहीही लावायचं नसतं. चरे इतके बारीक करत न्यायचे की उजेडाला ते अडथळा वाटू नयेत. चांगला पॉलिश झालेला दगड म्हणजे कायमचा ओला राहिलेला दगड.

नदीने आणलेलं

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे थर बाहेर पडत राहिले. आज त्यांचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेलं पाणी या पोकळ्यांत झिरपलं आणि भिंतींवर एकावर एक पापुद्रे धरत गेलं. पट्टे दिसले तर तो अकीक, पट्टे नसलेला धुरकट दगड तो कॅल्सेडनी, लोहामुळे तांबूस झालेला तो कार्नेलियन, उजेड आरपार जाऊ न देणारा विटकरी किंवा हिरवा तो जास्पर, आणि ठळक स्फटिक धरलेली ती गारगोटी. नावं वेगळी असली तरी कूळ सिलिकाचंच. भोवतालचा बेसाल्ट हवापाण्याने कुजून माती होतो, आतला अकीक मात्र टिकतो आणि ओढ्यानाल्यांतून नदीत येतो. भाचीच्या ओच्यातले खडे या वाटेने आले होते.

त्यांना उचलणारी ती पहिली नव्हती. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातल्या तिथल्या शेतकऱ्यांची कॅल्सेडनीची पाती सापडली आणि कार्नेलियनचे मणीही सापडले. म्हणजे याच खोऱ्यात तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तांबूस खडा हातात घेऊन, तो घासला तर कसा दिसेल याचा विचार केलेला होता.

पण नदीकाठचा प्रत्येक दगड पॉलिश होत नाही, आणि नवखा माणूस पहिली चूक इथेच करतो. खिशातल्या चाकूने ओरखडून पाहावं. पातं दगडावर चरा उठवत असेल तर तो मऊ आहे, बाजूला ठेवावा. लिंबाच्या रसाने फेस आला तर त्यात चुना आहे. कडक दगड मऊ दगडांसोबत फिरवले की मऊ दगडांचा चिखल होतो. काळ्या पाषाणातली खनिजं कमी-अधिक कडक असल्याने तो एकसारखा घासला जात नाही, शिवाय त्याच्या भोकांत पूड अडकते. बेसाल्टच्याच पोकळ्यांतले नाजूक स्फटिक, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेमागे ठेवलेली झिओलाइटची ती गुलाबी-पांढरी फुलं किंवा पुण्याजवळ वाघोलीला मिळालेलं निळंशार कॅव्हन्साइट, यांना तर पिंपाच्या जवळही नेऊ नये. ते निसर्गाने आहेत तसेच पूर्ण केलेले आहेत.

घोळण

या यंत्राला इंग्रजीत टंबलर म्हणतात. आमच्याकडे टंबलर म्हणजे पाणी प्यायचं भांडं, म्हणून घरात त्याचं नाव ‘घोळण’ पडलं. रचना अगदी साधी. दोन आडवे दांडे, त्यातला एक मोटर आणि पट्ट्याने फिरणारा, आणि दोन्हींवर आडवं ठेवलेलं घट्ट झाकणाचं रबरी पिंप. माझी मोटर २५ वॉटची आहे. चार आठवडे अखंड चालली तर १७ युनिटांच्या आत वीज लागते.

पिंप दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरायचं, त्यात लहानमोठे खडे मिसळून घालायचे, आणि पाणी वरच्या थराच्या किंचित खाली राहील एवढंच ओतायचं. पिंप फिरू लागलं की दगडांचा ढीग एका बाजूने वर चढतो आणि वरचा थर दरडीसारखा घसरत खाली येतो. घासण्याचं सगळं काम या घसरत्या थरात होतं. वेग फार वाढवला तर दगड भिंतीला चिकटून पिंपाबरोबर नुसते गोल फिरतात आणि कुणी कुणाला घासत नाही. पिंप अर्धवट भरलं तर ते घसरण्याऐवजी उंचावरून आपटतात आणि कडा फुटतात. आता मी हे कानाने ओळखते. भरणा बरोबर असेल तर तांदूळ पाखडल्यासारखी सलग सळसळ येते. खडखड ऐकू आली की उठून पिंप थांबवावं आणि मूठभर खडे आणखी घालावेत.

चार पुडी

पिंपात दगड आणि पाण्याबरोबर पूड असते, आणि खरी कारागीर तीच. पहिल्या फेरीला ६० ते ९० नंबरची सिलिकॉन कार्बाइडची पूड, दुसरीला १२० ते २२०, तिसरीला ५००, आणि शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडचं मैद्याहून मऊ पॉलिश. नंबर चाळणीवरून आलेला आहे. एका इंचात ६० भोकं असलेल्या चाळणीतून पडणारा कण साधारण पाव मिलिमीटरचा, आणि पॉलिशच्या पुडीचा कण एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. प्रत्येक फेरी साधारण आठवड्याची असते. पहिली मात्र खडा गुळगुळीत गोल होईपर्यंत दोनदा-तीनदा करावी लागते.

कठीणपणाच्या मोस पट्टीवर अकीक सातच्या आसपास आणि हिरा दहावर. सिलिकॉन कार्बाइड नऊच्याही वर, म्हणूनच ते अकीक खाऊ शकतं. एडवर्ड ॲचेसन या अमेरिकन संशोधकाला ते १८९१ मध्ये योगायोगाने मिळालं. विजेच्या भट्टीत तो चिकणमाती आणि कोकची पूड तापवत होता. हाती आलेले चमकदार कण कार्बन आणि कोरंडम यांच्या संयोगाचे असावेत असं वाटून त्याने त्यांना ‘कार्बोरंडम’ नाव दिलं. तर्क चुकला, नाव राहिलं. मोझॅकची फरशी घासायला येणाऱ्या कारागिरांच्या तोंडी मी लहानपणी हाच शब्द ऐकलेला आहे. त्यातला कोरंडम तमिळमधल्या ‘कुरुंदम’वरून आणि संस्कृतमधल्या ‘कुरुविंद’शी नातं सांगत पश्चिमेला गेलेला. आपल्या घासणाऱ्या दगडाचं नाव परदेश फिरून पुडीच्या डब्यावर परत आलं आहे.

घासणं म्हणजे चरे पुसणं, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात प्रत्येक पूड दगडावर नवे चरेच पाडते. फक्त आधीच्या पुडीपेक्षा बारीक पाडते आणि आधीचे खोल चरे संपेपर्यंत दगड खाली आणते. म्हणून फेरी वगळता येत नाही. पाचशेची पूड साठच्या चऱ्यांच्या तळापर्यंत आठवड्याभरात पोहोचूच शकत नाही.

हे मला दुसऱ्या खेपेला कळलं. तिसरी फेरी झाल्यावर मी दगड धुतले, पिंप धुतलं आणि पॉलिश घालून ते पुन्हा चालू केलं. आठ दिवसांनी उघडलं तर एकूण एक दगडावर केसासारखे पांढरे ओरखडे होते. भिंग घेऊन शोधल्यावर एका अकीकात मोहरीएवढं भोक सापडलं आणि त्यात पहिल्या फेरीचे चार-पाच कण. त्यांनी महिन्याभराचं काम खरवडून टाकलं होतं. तेव्हापासून भोकाचे दगड मी आधीच वेगळे काढते, प्रत्येक फेरीनंतर एकेक खडा जुन्या दातांच्या ब्रशने घासते, आणि पॉलिशसाठी पिंपही स्वतंत्र ठेवलं आहे. तपासायची रीत सोपी आहे. खडा पूर्ण कोरडा करायचा आणि मग पाहायचा. ओला दगड नेहमीच खोटी आशा दाखवतो.

पैठणच्या गाड्या, खंबायतची पिशवी

हा छंद पाश्चात्त्य म्हणून ओळखला जातो, पण दगड घासून चमकवण्याची जुनी परंपरा आपल्या शेजारीच आहे. इ.स.च्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी व्यापार-मार्गदर्शिकेत पैठणहून अकीकासारखा पट्ट्यांचा दगड मोठ्या प्रमाणावर गाड्यांतून, अवघड रस्त्यांनी भडोचच्या बंदरात येत असल्याची नोंद आहे. गोदावरीकाठचे हे दगड तिथून समुद्रापार जात.

त्याहून जुनी परंपरा गुजरातची. हडप्पा संस्कृतीच्या कारागिरांनी केलेले कार्नेलियनचे लांब मणी मेसोपोटेमियात उर इथल्या राजघराण्याच्या कबरींत मिळाले आहेत. ते सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. खंबायतला हा धंदा आजही जिवंत आहे. भडोच जिल्ह्यातल्या रतनपूर परिसरातल्या खाणींतून दगड येतो. तो उन्हात सुकवतात आणि मडक्यांत भरून मंद आचेवर भाजतात. त्या उष्णतेने त्यातल्या लोहाचा पिवळटपणा लाल होतो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड धरून शिंगाच्या हातोडीने मारतात, आणि टोकाच्या बाजूने कपचा निघतो.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो पॉलिशचा टप्पा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये त्याचं वर्णन आहे. मजबूत चामड्याच्या पिशवीत मणी, कुरुंदाची पूड आणि कार्नेलियनचीच बारीक भुकटी भरून तोंड आवळत. पिशवीभोवती चामड्याचा पट्टा घालून दोन माणसं खोलीच्या दोन टोकांना समोरासमोर बसत, आणि दहा-पंधरा दिवस ती पिशवी आळीपाळीने ओढत, मध्ये मध्ये पाण्याने भिजवत. पट्टा, पूड, पाणी, लोळण. माझ्या बाल्कनीतल्या यंत्रात याहून वेगळं काहीही नाही. फक्त त्या दोन माणसांचं काम मोटर करते.

धूळ

खंबायतबद्दल लिहिताना तिथल्या छातीच्या रोगाबद्दल गप्प राहता येत नाही. फिरत्या चाकावर अकीक घासला की सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ उडते, फुफ्फुसात बसते आणि तिथे व्रण धरतात. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही आणि क्षयाला वाट करून देतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने खंबायतच्या अकीक कामगारांच्या तपासण्या करून हा रोग नोंदवलेला आहे. ही कामं बहुतेक घरातच चालत असल्याने चाकाजवळ न बसणाऱ्यांच्या श्वासातही ती धूळ जाते. बाजारात अकीकाची माळ स्वस्त मिळते, तेव्हा तिची उरलेली किंमत कुणीतरी खोकत भरत असतं. हे माळ विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

घोळणात सगळं काम पाण्याखाली होतं, म्हणून त्यातून धूळ उडत नाही. पण शिस्त लागतेच. दगड कोरडा कापू किंवा घासू नये. सांडलेला गाळ वाळण्याआधी ओल्या फडक्याने पुसावा, वाळलेला कधीही झाडू नये. पिंपात काही वेळा वायू साठतो, म्हणून पहिले काही दिवस रोज झाकण सैल करून बंद करावं. आणि गाळ मोरीत ओतू नये. मी एकदा ओतला होता. पाइपात तो सिमेंटसारखा घट्ट बसला आणि पाइपच बदलावा लागला. आता तो बादलीत बसू देते, वरचं पाणी काढते आणि खाली उरलेली राखाडी वडी पिशवीत बांधून टाकते. ती वडी हातात घेतली की जड लागते. चमक आणण्यासाठी दगडातलं किती गेलं, ते तिथे कळतं.

ओट्यावर

नदी हेच काम पूड न घालता करते, म्हणून तिला किती काळ लागतो याची मोजदाद नाही. शिवाय ती फक्त पहिली फेरी करते. गोटा गोल होतो, चरे राहतात. नर्मदेतले गोटे पूजेला आणतात, त्यांतल्या अनेकांवरही शेवटची झळाळी काठावरचे कारागीर चढवतात.

घोडच्या त्या खड्यांना माझ्याकडे सात आठवडे लागले. भाची सुट्टीत आली तेव्हा मी ते ओट्यावर, तिने मांडले होते त्याच जागी मांडून ठेवले होते. मधाच्या रंगाचा खडा आता लहान झाला होता, आणि त्याच्या आत, कडेपासून बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर, एक लालसर धागा दिसत होता. तो आम्हाला दोघींनाही नदीवर दिसला नव्हता.

तिने खडा उचलला आणि फ्रॉकला पुसला. निरखून पाहिला. पुन्हा पुसला, या वेळी जोर लावून. मग फ्रॉकची ती जागा चिमटीत धरून पाहिली. ती कोरडी होती.