डस्टर घेताय? आधी विचारा, ती उभी कुठे असायची

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस दार उघडून आधी मीटर बघतो. साठ हजार दिसले की खूश, दीड लाख दिसले की काढता पाय. पुण्या-नाशकात हा हिशेब बऱ्यापैकी चालतो. देवबाग, तारकर्ली, मालवण, आचरा, वेंगुर्ला या पट्ट्यात मात्र तो अंगाशी येऊ शकतो. इथे मालकाला पहिल्यांदा विचारायचं ते ‘गाडी खंय लावतास?’ किलोमीटरचं नंतर बघू.

हा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे तो डस्टरच्या गिऱ्हाइकांना. रेनोची ही गाडी जुलै २०१२ मध्ये भारतात आली. मूळची रुमानियातल्या डाचिया कंपनीची, आपल्याकडे चेन्नईजवळ ओरगडमच्या कारखान्यात बनलेली. जमिनीपासून २०५ मिलिमीटर उंच, मागे ४७५ लिटरची डिकी आणि खड्डा गिळून टाकणारं सस्पेन्शन. जांभ्याच्या कातळावरून घरापर्यंत जाणारी वाट, वर गणपतीचं सामान आणि पाच माणसं, एवढं सगळं निमूट वाहून नेणारी ही गाडी कोकणाला मानवली यात नवल नाही. पुढे २०१५ मध्ये ह्युंदाईची क्रेटा आली आणि डस्टरचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहाचे नियम लागू झाले तेव्हा रेनोने डिझेल इंजिन बंद केलं आणि २०२२ मध्ये ती डस्टरच बंद केली. जिला डिझेल डस्टर म्हणून लोक शोधतात, ती झाली तरी एप्रिल २०२० च्या आधीचीच.

बंद झालेली गाडी म्हटली की भाव पडतो, कारण ‘पार्ट मिळणार नाहीत’ ही भीती. ती निम्मीच खरी आहे. डस्टरचं १४६१ सीसीचं डिझेल इंजिन निस्सानच्या टेरानो, सनी, मायक्रामध्येही होतं आणि रेनोच्या लॉजीमध्येही. त्यामुळे फिल्टर, बेल्ट, क्लच, इंजेक्टर यांसाठी अडून बसावं लागत नाही. हेडलाइट, बंपर, दाराचं रबर, काचेची मोटर अशा फक्त डस्टरलाच लागणाऱ्या वस्तू मात्र वाट बघायला लावतात. पण पार्ट बदलता येतो. बदलता येत नाही तो सांगाडा, आणि किनाऱ्यावर खरं बघायचं तेच.

बोलेरो किंवा जुन्या स्कॉर्पिओला खाली जाड पोलादी चासी असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. बॉडीचा पत्रा सडला तरी कणा शाबूत राहू शकतो. डस्टरला अशी वेगळी चासी नाही. एक-दोन मिलिमीटर जाडीचे पत्रे दुमडून, एकमेकांना वेल्ड करून पोकळ पेट्या तयार करतात आणि त्या पेट्यांनीच गाडीचं वजन, इंजिनाचे झटके, धडकेचा मार हे सगळं पेलायचं असतं. याला मोनोकॉक बांधणी म्हणतात. क्रॉसओव्हर म्हणजे मुळात हेच: उंची जीपची, बांधणी कारची. वजन कमी, अॅव्हरेज चांगलं, वळणावर गाडी बरी बसते. मात्र दाराखालची ती लांब पोकळ पट्टी आतून गंजली, तर तो रंगाऱ्याचा प्रश्न उरत नाही, गाडीच्या हाडाचा होतो.

आता मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. लाट फुटली की फेसातले बुडबुडे फुटतात आणि बारीक खारे तुषार हवेत उडतात. मोठे थेंब लगेच खाली बसतात, बारीक थेंब वाऱ्याबरोबर आत जातात. त्यामुळे हवेतलं मिठाचं प्रमाण किनाऱ्यापासूनच्या पहिल्या काहीशे मीटरांतच झपाट्याने उतरतं. देवबागेत एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये चिंचोळी पट्टी. तिथे लावलेली डस्टर आणि समुद्रापासून आत कणकवलीत लावलेली डस्टर, दोघींचा नंबर सिंधुदुर्गाचा, एमएच ०७ चाच. पण दोघींच्या पत्र्याचं वय एक नसतं.

गंजणं ही मुळात विजेची क्रिया आहे. लोखंडाच्या एका बिंदूवर अणू इलेक्ट्रॉन सोडून विरघळतात, शेजारच्या बिंदूवर हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो आणि मधला पाण्याचा थर मंडल पूर्ण करतो. गोडं पाणी वीज नीट वाहत नाही, खारं पाणी छान वाहतं. शिवाय मिठातला क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर फोडतो आणि स्वतः फारसा खर्ची पडत नाही, तिथेच राहून पुन्हा पुन्हा कामाला लागतो. म्हणून गंजावर नुसता रंग मारून काही साधत नाही. रंगाखाली मीठ उरतं, ते ओल ओढतं, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापणारा गंज फुगतो आणि रंगाला फोड येतात.

पाऊस नसताना ओल कुठून येते? हवेतूनच. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी शोषून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते जेमतेम ३३ टक्क्यांवरच ओलं होतं. कोकणात आर्द्रता इतकी खाली जाणारे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे. मार्चच्या टळटळीत दुपारीसुद्धा पत्र्यावरचा मिठाचा थर पुरता वाळलेला नसतो, डोळ्यांना तो कोरडा दिसला तरी.

मालवणच्या हवेची ही ताकद साऱ्या महाराष्ट्राने अलीकडेच ऐकली आहे. राजकोट किल्ल्यावरच्या छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. त्याची कारणं हा चौकशीचा विषय, त्यात शिरायला नको. पण दुर्घटनेच्या काही दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला लिहिलेल्या पत्रात पुतळ्याचे नटबोल्ट खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने गंजल्याचा उल्लेख होता. अनावरणाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

इथे एक गोष्ट बहुतेकांना पटत नाही. भर पावसात उघड्यावर भिजणाऱ्या पत्र्यापेक्षा किनाऱ्यावर आडोशाला असलेला पत्रा अनेकदा जास्त गंजतो. पाऊस वरचं मीठ धुऊन नेतो. छपराखाली, ताडपत्रीखाली मीठ साचत जातं आणि हवेतल्या ओलीने पाझरत राहतं. गाडीचं बॉनेट आणि टप पावसाने धुतले जातात, तिचं पोट, चाकांच्या कमानींच्या आतले कोपरे आणि दाराखालच्या पेट्या कधीच धुतल्या जात नाहीत. त्यात तांबड्या मातीने पेट्यांची पाणी निघायची भोकं बुजली की झालंच. म्हणून ‘कव्हर घालून ठेवलेली गाडी’ हे किनाऱ्यावर कौतुक समजू नये.

आणि म्हणूनच चाकरमान्याच्या गाडीपासून जरा जपून. मालक मुंबईला, गाडी गावच्या घराशेजारी मांगरात, चालायची गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. दहा वर्षांत चाळीस हजार किलोमीटर. ऐकायला सोनं. पण उभ्या गाडीची बॅटरी सल्फेट धरते, टायरचं रबर कडक होऊन भेगाळतं, अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतली ओल डिझेलात उतरते आणि ब्रेकच्या डिस्कवर गंजाचे खड्डे पडतात. टायर किती जुना हे त्याच्या कडेवरचा चार अंकी आकडा सांगतो. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१४ असेल तर तो २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही खोल दिसो, तो बदलायचा.

ब्रेक ऑइलचं प्रकरण याहून गंभीर. हे तेल ग्लायकॉलच्या जातीचं असतं आणि गाडी उभी असली तरी हळूहळू पाणी शोषतं. डॉट-४ दर्जाचं नवं तेल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी प्यायलेल्या तेलासाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. याचा अर्थ आंबोली घाट उतरताना कळतो. माणसं आणि सामान धरून १६०० किलोंची गाडी साडेपाचशे मीटर खाली येते तेव्हा सुमारे ८६ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तीस लिटर पाणी उकळीला आणायला जवळपास एवढीच लागते. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर बराच वाटा इंजिन आणि वारा उचलतात. पाय ब्रेकवरच ठेवला तर सगळी उष्णता डिस्कवर, तिथून तेलात. तेलातलं पाणी उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल फरशीला टेकतं. त्यामुळे गाडी घेतल्यावर पहिला खर्च ब्रेक ऑइलचा करायचा, सीटकव्हरचा नंतर.

बघायला जाल तेव्हा गाडी रॅम्पवर चढवून घ्या. मालक नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे. खाली बॅटरी मारून दाराखालची पेटी, मागच्या चाकांच्या कमानी, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं ते कान, ब्रेकच्या बारीक पाइपा, सायलेन्सरचे सांधे हे सावकाश बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, सडका बद्द वाजतो. वरवरचा तांबूस रंग प्रत्येक गाडीला असतो, त्याला घाबरू नका. पापुद्रे सुटत असतील तर घाबरा. पोटाला कालपरवाच काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर सौदा तिथेच थांबवावा, असं माझं मत. त्या काळ्याखाली काय आहे हे आता कोणालाच दिसणार नाही.

डिकीतला गालिचा उचलल्याशिवाय तर हलूच नका. बंदरावरून बर्फातली मासळी टपातून डिकीत, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रवास. टप हिंदकळला की खारं पाणी गालिच्याखाली जातं आणि तिथल्या जोडात जाऊन बसतं. वास फवारा मारून घालवता येतो, सांध्यातली तपकिरी रेघ जात नाही. स्टेपनीचा बोल्ट एकदा सोडवून बघा, तो हातोड्याशिवाय हलला नाही तर बाकीच्या बोल्टांची कल्पना येते. पुढे बॉनेटमध्ये एसीच्या कंडेन्सरच्या अॅल्युमिनियमच्या पात्या बोटाने चुरगळतात का पाहा. समोरून येणारा खारा वारा सगळ्यात आधी त्याच खातो.

२०१४ मध्ये आलेली चारही चाकांना ताकद देणारी डस्टर मिळाली तर मोह होईल. गाडी म्हणून ती उत्तम आहे. मात्र ती आधी कुणी पुळणीवर, लाटांच्या कडेने पळवली असेल तर तिचे मागचे सांधे मिठाचं पाणी प्यायलेले असतात. अशा गाडीला घाटावरचा मालक असलेला बरा.

पण किनाऱ्यापासून लांबच्या गाडीची वेगळी भानगड. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पुराखाली होतं. त्यातल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात आल्या असणारच. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ आहे का बघा. सीटखालच्या रुळांना गंज आणि वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट पूड दिसली तर दहा हजार कमी करतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं. भिजलेल्या वायरिंगमध्ये विजेच्या दाबाने तांबं झिजत राहतं आणि बिघाड वर्ष-दीड वर्षाने, नेमका रात्री करूळ घाटात, उगवतो.

एक गोष्ट गंजाशी संबंध नसलेली, पण सांगायलाच हवी. २०१७ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतीय डस्टरची धडक चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या गाडीला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले, चालकाची एअरबॅग असलेल्या गाडीला तीन. आपल्याकडे चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पर्यंत सक्तीची नव्हती, त्यामुळे स्वस्तातली बरीच मॉडेलं तिच्याविनाच विकली गेली. मॉडेलचं नाव आरसीवर वाचा आणि स्टिअरिंगवर एअरबॅगची अक्षरं आहेत का हे डोळ्यांनी बघा.

कागदाचं थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०१३ ची डस्टर २०२८ मध्ये फेरनोंदणीला येईल. तेव्हा फी, पर्यावरण कर आणि फिटनेस असा खर्च आहे, शिवाय सांगाडा सडका असेल तर फिटनेसचीच पंचाईत. गोव्याच्या नंबरची गाडी स्वस्त वाटते, पण तिला तिकडची ना हरकत आणि इकडचा रोड टॅक्स लागतो. ओरोसच्या आरटीओत जाऊन तो आकडा आधी काढा आणि मगच भाव करा.

मला विचाराल तर मार्च २०१६ च्या बदलानंतरची, एअरबॅगवाली डिझेल डस्टर घ्यावी. घाटात सतत चढ-उतार असेल तर सहा गिअरची ११० अश्वशक्तीची, गावातल्या गावात आणि जवळपास फिरायचं असेल तर पाच गिअरची ८५ ची. ती कमी वेगात जास्त सोशिक आहे. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो बदलायचा खर्च किमतीतून वजा करायचा, कारण हा बेल्ट तुटला की इंजिन उघडावं लागतं. आणि कुडाळ-कणकवलीची रोज धावलेली, सव्वा लाख किलोमीटरची, सर्व्हिसच्या पावत्या असलेली एक आणि देवबागेत मांगरात झाकून ठेवलेली चाळीस हजारांची एक, अशा दोन समोर आल्या, तर सव्वा लाखवाली घ्या.