राजवाडा कुठाय?

शनिवारी रात्रीच दशम्या बांधून ठेवल्या होत्या. गुडघा कुरकुरत होता. पण नातीला शब्द दिलेला, तेव्हा राजगड टाळणं शक्य नव्हतं. नसरापूर, मार्गासनी करत गुंजवण्यात उतरलो. तिथून खरी चढण. चोरदरवाजाखालचा शेवटचा टप्पा तर मी कठड्याला धरून, जवळजवळ रांगतच चढलो.

दारातून वाकून आत आलं, की पद्मावती माचीवरचं तळं समोर येतं. नातीनं चहूकडे पाहिलं आणि विचारलं, "आबा, राजवाडा कुठाय?"

काय दाखवणार? चौथरे! पाव शतकभर स्वराज्याची ही राजधानी. आग्र्याहून निसटल्यावर १६६६ साली महाराज आले ते इथंच. १६७० मध्ये राजाराम महाराज जन्मले तेही इथंच. पुढे राजधानी रायगडावर गेली, औरंगजेबाचा वेढा पडला, हळूहळू लाकूड गेलं, कौलं गेली, माणसं गेली. जोती तेवढी राहिली.

देवळाजवळ सईबाईंची समाधी दाखवतात. सप्टेंबर १६५९ मध्ये त्या गेल्या, तेव्हा संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे होते आणि अफझलखान स्वराज्यावर चालून आलेला. प्रतापगडची भेट दोन महिन्यांवर होती. त्या भेटीवर आपण पानंच्या पानं वाचतो; हे मरण एका ओळीत आटोपतं. "मग त्या बाळाला कोण सांभाळायचं?" नातीनं विचारलं. जिजाऊसाहेबांचं नाव सांगितलं, तेव्हा कुठं ती पुढे चालायला लागली.

संजीवनी माचीवर मी जायचं नाही, असं घरी ठरलं होतं. गेलो. इथला तट चिलखती, म्हणजे दुहेरी. तोफेनं बाहेरची भिंत पाडून शत्रू आत घुसला, तरी तो दोन भिंतींमधल्या अरुंद बोळात कोंडला जाणार आणि वरून मारा सुरू होणार. नातीला हे इतकं पटलं, की ती खाली उतरून स्वतःच शत्रू झाली आणि मला वरून करवंदीची पानं टाकायला लावली.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून जे बारा किल्ले निवडले, त्यांत राजगड आहे. त्याच राजगडाच्या एका चिऱ्यावर कुणी बहाद्दरानं ऑइलपेंटनं स्वतःचं नाव रंगवलं होतं. नातीनं रुमाल ओला करून घासून पाहिलं. रुमाल मात्र काळा झाला.

बालेकिल्ला राहिलाच. गुडघ्यानं सपशेल नकार दिला.

रात्री आजीनं विचारलं, "काय पाहिलंस गं?"

"राजवाडा नाहीये," नात म्हणाली, "पण शत्रूला पकडायचा बोळ अजून आहे."