तीन वर्षांची नौका, छत्तीस वर्षांची सेवा

तिसरी विमानवाहू नौका हवी की पाणबुड्या, हा वाद साउथ ब्लॉकला नवा नाही. २०२० मध्ये तत्कालीन संरक्षणप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पाणबुड्यांच्या बाजूने कौल दिला. नौदलाने मात्र आपला आग्रह सोडला नाही. या वादात टनभार आणि खर्च यांचीच चर्चा अधिक होते. वास्तविक भारताला विमानवाहू नौकेची ओळख करून दिली ती एका ‘हलक्या’ आणि घाईने आखलेल्या नौकेने.

१९४२ मध्ये ब्रिटनला विमानवाहू नौका हव्या होत्या आणि त्या लवकर हव्या होत्या. म्हणून नवा आराखडा व्यापारी जहाजांच्या निकषांवर बेतण्यात आला, जेणेकरून साध्या गोद्यांनाही त्या बांधता याव्यात. चिलखताला फाटा देण्यात आला, वेग सुमारे २५ नॉट ठरला आणि आयुष्य गृहीत धरले गेले ते तीन वर्षांचे किंवा युद्ध संपेपर्यंतचे. अशा सोळा नौकांची मागणी नोंदविली गेली. पण एकही प्रत्यक्ष आघाडीवर लढण्यापूर्वी युद्ध संपले. मग ही शिल्लक कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स, फ्रान्स, अर्जेंटिना, ब्राझील आणि भारत यांच्या वाट्याला आली.

१९४६ पासून अर्धवट पडून असलेली ‘हर्क्युलिस’ भारताने १९५७ मध्ये विकत घेतली. बेलफास्टच्या गोदीत तिला तिरकी धावपट्टी आणि वाफेवर चालणारे प्रक्षेपक यंत्र बसविण्यात आले. ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती ‘विक्रांत’ म्हणून दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत पंडित नेहरूंनी तिचे स्वागत केले.

स्वस्त नौकेची किंमत पुढे दुरुस्तीतून मोजावी लागते. १९६५ च्या युद्धात ‘विक्रांत’ गोदीत होती. १९७१ मध्ये तिच्या चारपैकी एका बाष्पकाला तडे गेले होते आणि तिला समुद्रात धाडावे की नाही, यावर नौदलातच मतभेद होते. अखेर वेगावर मर्यादा घालून तिला बंगालच्या उपसागरात पाठविण्यात आले. ४ डिसेंबर रोजी तिच्यावरील सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले चढविले. तिच्या शोधात आलेली ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली.

वेगाची ही अडचण किरकोळ नव्हे. विमान उडविण्यासाठी धावपट्टीवर समोरून पुरेसा वारा लागतो. वारा पडला तर तो नौकेच्या वेगातून मिळवावा लागतो. १९८२ च्या फॉकलंड युद्धात याच जातीच्या अर्जेंटिनाच्या ‘व्हेंतिसिंको दे मायो’वरून नियोजित हल्ला नेमका वारा नसल्याने होऊ शकला नाही. त्याच युद्धातील ब्रिटनची ध्वजनौका ‘हर्मिस’ १९८७ मध्ये ‘विराट’ होऊन भारतात आली. तिच्यावरील सी हॅरिअर विमाने आखूड धावेत उडत आणि उभी उतरत, त्यामुळे प्रक्षेपकाची गरजच उरली नव्हती.

म्हणूनच तिसऱ्या नौकेसाठी नौदलाचा सर्वांत सबळ युक्तिवाद आकाराचा नसून हजेरीचा आहे. सुमारे ४५ हजार टनांची ‘विक्रमादित्य’ काय किंवा २०२२ मध्ये कोचीत दाखल झालेली नवी ‘विक्रांत’ काय, दुरुस्तीसाठी आलटून पालटून गोदीत जाणारच. पाणबुडीवाद्यांनी १९७१ चे दाखले खोडण्यापेक्षा १९६५ च्या अनुपस्थितीला उत्तर द्यायला हवे.

महाराष्ट्राला मात्र या नौका निवृत्तीनंतरही पेलल्या नाहीत. १९९७ मध्ये निवृत्त झालेली जुनी ‘विक्रांत’ काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, ती सांगाडा असुरक्षित ठरल्याने २०१२ मध्ये बंद झाली. राज्य सरकारला भागीदार सापडला नाही आणि २०१४ मध्ये ती सुमारे ६० कोटी रुपयांना भंगारात गेली. ‘विराट’साठी राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये सिंधुदुर्गातील निवतीजवळ ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला होता. सप्टेंबर २०२० मध्ये नौकेने मुंबई सोडली ती दक्षिणेला कोकणाकडे नव्हे, तर उत्तरेला गुजरातमधील अलंगच्या दिशेने.